सेफ डिलिव्हरी अ‍ॅप: लेबर रूममध्ये वापरून बघितल्यावर लिहितेय

आधी सरळ सांगते. अ‍ॅप बाळंतपणात आई-बाळ धोक्यात आलं तर काय करायचं ते शिकवणारं आहे, फुकट आहे, चांगलं आहे, आणि जी कोणी एएनएम, जीएनएम, स्टाफ नर्स डिलिव्हरी घेते तिच्या मोबाईलमध्ये ते असायलाच पाहिजे. पण नुसतं डाउनलोड करून ठेवलं आणि सर्टिफिकेट काढलं तर त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि हे मी का म्हणतेय तेच सांगायला एवढं लांबलचक लिहायला बसलेय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी ५ पैकी ४. एक मार्क का कापला ते पुढे येईलच.

मी मूळची अमळनेरकडची, नोकरी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात. आमच्याकडे डोंगरावरून पेशंट येतात, काही गावांत अजून गाडी जात नाही, बाईला झोळीत घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत आणतात आणि तिथून पुढे १०८. नर्मदेच्या काठच्या गावांना तर बोटीशिवाय पर्याय नाही. रात्री ड्युटीवर एक सिस्टर, एक मावशी, आणि डॉक्टर असले तर असले, नाहीतर फोनवर. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून हा रिव्ह्यू आहे, पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना यातलं बरंच काही लागू होणार नाही.

अ‍ॅप बनवलंय मॅटर्निटी फाउंडेशन नावाच्या डेन्मार्कच्या संस्थेने, कोपनहेगनची आहे ती, सोबत कोपनहेगन विद्यापीठ आणि सदर्न डेन्मार्क विद्यापीठ. ही धर्मादाय संस्था आहे, औषध कंपनी नाही, त्यामुळे मध्येच कसली जाहिरात येत नाही, पैसे भरा असं कुठे येत नाही. या लोकांचं काम सुरू झालं आफ्रिकेत, इथिओपियात, तिथल्या मिडवाइफ आणि दवाखान्यातल्या स्टाफला ट्रेनिंग द्यायचं. इथिओपियातला वेस्ट वोल्लेगा म्हणून भाग आहे, खेडी लांब लांब, रस्ते कच्चे, डॉक्टर कमी. वाचताना मला सारखं आमचं धडगाव-अक्कलकुवाच डोळ्यापुढे येत होतं. प्रश्न पण तोच. ट्रेनिंग शहरात होतं, बाई तिथे जाऊन शिकून येते, फाइल मिळते, जेवण मिळतं, आणि परत आल्यावर सहा महिने तशी केसच येत नाही. मग एके दिवशी रात्री अडीच वाजता येते तेव्हा हात थांबतो. शिकलेलं डोक्यात असतं पण क्रम लागत नाही. हे कामचुकारपणामुळे होत नाही, जी गोष्ट हाताने वारंवार केली नाही ती हातात राहतच नाही. मग त्यांनी ठरवलं की शिकवणी मोबाईलमध्ये टाकून मिडवाइफच्या खिशात द्यायची, म्हणजे ती पुन्हा पुन्हा बघेल.

आता अ‍ॅपमध्ये आहे काय ते सांगते. बाळंतपणात ज्या गोष्टींनी आई किंवा बाळ दगावतं त्या एकेका गोष्टीचा वेगळा भाग आहे. डिलिव्हरीनंतरचं ब्लीडिंग, वार (प्लॅसेंटा) अडकणं, बीपी आणि झटके, लांबलेली डिलिव्हरी, जंतुसंसर्ग, बाळ न रडणं, कमी वजनाचं बाळ, असं सगळं. प्रत्येक भागात आधी एक अ‍ॅनिमेशनचा व्हिडिओ, थोड्या मिनिटांचा, त्यात नुसतं भाषण नाही, हात कसा ठेवायचा, कुठे दाबायचं, सुई कुठे, ते चित्रातून दाखवतात. मग अ‍ॅक्शन कार्ड, म्हणजे पायरी पायरीने काय करायचं. मग औषधांची यादी, आणि शेवटी प्रश्न-उत्तरांचा भाग, त्यात टप्पे पार करत गेलं की सर्टिफिकेट. एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. आमच्याकडे ही एक गोष्ट सोन्यासारखी, कारण लेबर रूममध्ये रेंज खिडकीपाशी एका कोपऱ्यात येते आणि पावसाळ्यात तीही नाही.

भाषा हिंदी ठेवता येते. मी हिंदीतच वापरते आणि आमच्या सगळ्यांना हिंदीतच लावून दिलंय, इंग्रजीत बघितलं की ज्युनिअर पोरी मान डोलावतात पण विचारलं तर सांगता येत नाही, हिंदीत बघितलं की लगेच आपसात बोलायला लागतात, सिस्टर आपण असं नाही करत, आपण तर आधी हे करतो. ही चर्चा झाली ना तिथेच खरं ट्रेनिंग सुरू झालं असं मला वाटतं.

ब्लीडिंगच्या भागाबद्दल जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडे बाई हातातून जाते ती सगळ्यात जास्त यानेच, आणि जगात पण बाळंतपणातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात आणि बाळंतपणात गेल्या, त्यातल्या साधारण ७० टक्के सहाराच्या खालच्या आफ्रिकेत. आपल्या महाराष्ट्राचा माता-मृत्यूचा आकडा देशात चांगल्यापैकी, २०१८-२० च्या एसआरएसमध्ये (सरकारची नमुना नोंदणी पाहणी) लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता तेव्हा देशाचा ९७ होता, पण राज्याची सरासरी घेऊन डोंगरावरच्या बाईचं काही होत नाही.

व्हिडिओत सुरुवात ब्लीडिंग होऊ नये म्हणून काय करायचं तिथूनच होते, आणि हे मला फार आवडलं. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं बाळ नाही ना हे हात लावून बघितलं, की एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं इंजेक्शन, १० युनिट स्नायूत. मग गर्भपिशवीला वरून आधार देऊन कळेबरोबर नाळ सावकाश ओढायची, वार आल्यावर ती पूर्ण आहे का ते पालथी-सुलटी करून बघायचं, आणि पिशवी कडक आहे का ते दर थोड्या वेळाने हाताने बघत राहायचं. हे शेवटचं आमच्याकडे सुटतं. डिलिव्हरी झाली, बाळ रडलं, पेढ्याची गोष्ट निघाली, सिस्टर बाळाकडे वळली, पेपर भरायला बसली आणि तिकडे बाईची पिशवी हळूहळू ढिली पडून राहिली. रक्त चादरीत मुरतं, खालच्या गादीत मुरतं, कोणाला दिसत नाही. सासू तेवढी म्हणते, "बाई, इतलं रगत जाई राह्यनं, काय करानं?" आणि सासू बरोबर असते. मी तर आमच्याकडे सांगून ठेवलंय की बाईजवळ बसलेल्या नातेवाईक बाईला आपणच विचारायचं, कपडा किती भिजला म्हणून, तिला उठवून लावायचं नाही.

इथे अ‍ॅपच्या पलीकडची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. आफ्रिकेतच एक मोठा अभ्यास झाला, ई-मोटिव्ह नावाचा, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० हॉस्पिटलं, दोन लाखांहून जास्त बायका, २०२३ मध्ये छापून आला. त्यांनी काय केलं तर प्रत्येक बाईच्या खाली एक प्लास्टिकचा ड्रेप लावला, त्याला खाली पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा, ३०० ला एक आणि ५०० मिलीला एक. म्हणजे अंदाज नाही, सरळ माप. आणि माप ओलांडलं की एक-एक करत बसायचं नाही, सगळं एकदम सुरू करायचं, गर्भपिशवीचं मालिश, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, सलाइन, आणि तपासणी करून गरज पडली तर वरच्या डॉक्टरला बोलावणं. जिथे हे केलं तिथे गंभीर ब्लीडिंग, त्यासाठी करावं लागणारं ऑपरेशन किंवा त्याने होणारा मृत्यू हे सगळं धरून प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. आणि ब्लीडिंग ओळखण्याचं प्रमाण, नेहमीच्या पद्धतीत निम्म्याच्या आसपास केसेस वेळेत कळायच्या, ड्रेप लावल्यावर ९३ टक्के. म्हणजे निम्म्या बायकांचं ब्लीडिंग आधी कोणाच्या लक्षातच येत नव्हतं! मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच पानावर होते.

आमच्या बायकांचं अजून एक आहे. सिकलसेल, अ‍ॅनिमिया, हिमोग्लोबिन ६-७ वर घेऊन बाई डिलिव्हरीला येते, नऊ महिन्यांत गोळ्या घरात पडून राहिलेल्या. तिला ५०० मिलीची वाट बघायची नसते, तिला ३०० मध्येच चक्कर येते, नाडी पळायला लागते. म्हणून नाडी आणि बीपी बघणं सोडायचं नाही, रेघ काय म्हणते त्याच्याइतकंच बाई काय म्हणते ते महत्त्वाचं. अ‍ॅप बघणाऱ्या पोरींना मी हे वेगळं समजावून सांगते कारण आपल्या भागातली बाई कुठल्या अवस्थेत येते ते कोणत्याच अ‍ॅपला माहीत असणार नाही.

ट्रॅनेक्सामिकबद्दल पण बरेच जण अजून बिचकतात. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बायकांवर त्याचा अभ्यास आला, त्यात कळलं की डिलिव्हरीपासून ३ तासांच्या आत दिलं तर ब्लीडिंगने होणारे मृत्यू कमी होतात, उशीर केला तर फायदा जातो. १ ग्रॅम शिरेतून, सावकाश १० मिनिटांत. म्हणून ते कपाटात कुलूप लावून ठेवायचं औषध नाही, ट्रेमध्ये पाहिजे, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते घरी गेले असं होता कामा नये. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी पाहिलंय की औषध स्टॉकमध्ये होतं, रजिस्टरला होतं, आणि बाई रेफर झाली औषधाशिवाय, कारण कपाट उघडायला कोणी नव्हतं. अशा वेळी कितीही चांगलं अ‍ॅप असलं तरी काय करणार.

आता बाळाचा भाग. बाळ रडलं नाही तर पहिलं एक मिनिट सगळं ठरवतं. पुसायचं, कोरडं करायचं, पाठ चोळायची, तोंड-नाकात काही असेल तरच साफ करायचं, आणि तरीही श्वास नाही तर मिनिटाच्या आत अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा द्यायच्या फुग्याने, श्वास सुरू. व्हिडिओत मान कशी ठेवायची ते इतकं नीट दाखवलंय की जुन्या जुन्या सिस्टर पण म्हणाल्या, आम्ही मान जास्त मागे टाकत होतो. मास्क गालाला चिकटला पाहिजे, छाती वर उचलली गेली पाहिजे, नाहीतर नुसती हवा बाहेर. आपल्याकडे एनएसएसके म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिकवतात, २००९ पासून, त्यामुळे इथे काही नवीन नाही, पण शिकलेलं आठवून देतं.

पण बाळाच्या बाबतीत मी ठाम सांगते, व्हिडिओ बघून अँबू बॅग मारता येत नाही. हाताला पुतळा पाहिजे, ट्रेनिंगचा डमी. टांझानियात हेल्पिंग बेबीज ब्रीद नावाचं ट्रेनिंग ८ हॉस्पिटलांत दिलं होतं, त्याचा अभ्यास २०१३ मध्ये आला, पहिल्या दिवसात दगावणारी बाळं ४७ टक्क्यांनी कमी झाली. केवढी गोष्ट आहे ही! तिथे ना महागडं मशीन बसवलं ना बाळांचं मोठं आयसीयू बांधलं. पुढे आफ्रिकेतल्याच हॉस्पिटलांमधून लोकांना हेही कळलं की वर्षातून एकदा मोठं ट्रेनिंग घेण्यापेक्षा रोज-आठवड्याला थोडा थोडा सराव जास्त टिकतो, कामाच्याच जागी, आपल्याच बॅगवर, आपल्याच टेबलावर.

मग आम्ही काय सुरू केलं तर ड्युटी बदलताना, हँडओव्हर झाला की, थोडा वेळ काढायचा, अ‍ॅपमधला एक व्हिडिओ लावायचा आणि लगेच त्यातली एक गोष्ट हाताने करून बघायची. डमी जिल्ह्याकडून मागून आणली होती ती परत गेली, मग एका इंटर्न पोरीने कापडाची बाहुली शिवली, त्यावर श्वास देणं शिकता येत नाही, छाती उचलत नाही ना, पण पुसणं, मान ठेवणं, मास्क धरणं, घड्याळ बघणं एवढं तरी होतं. यात मावशीला पण घेतलं. सगळ्यात मोठा बदल मावशींमुळेच झाला. आमच्या मावशी आता बाळ बाहेर आलं की मोठ्याने वेळ सांगतात. मिनिट झालं की "सिस्टर, मिनिट व्हयनं" म्हणून ओरडतात, डॉक्टर समोर असले तरी. आधी त्या एका बाजूला उभ्या असायच्या, कोणी सांगितलं तर पाणी आणायच्या. रात्री दोनच माणसं असतात तेव्हा त्यातलं एक माणूस नुसतं उभं राहून कसं चालेल.

बीपी आणि झटक्यांच्या भागाबद्दल एक काळजी घ्या. मॅग्नेशियम सल्फेट हे औषध झटक्यांवर किती उपयोगी आहे ते २००२ च्या मॅग्पाय अभ्यासातच सिद्ध झालंय, बीपी वाढलेल्या बायकांत झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. अ‍ॅपमधले डोस जागतिक गाइडलाइनप्रमाणे असतात, शिरेतून ४ ग्रॅम आणि वर स्नायूत १० ग्रॅम असा पूर्ण लोडिंग डोस. पण आपल्याकडे एएनएमला रेफर करण्याआधी जे द्यायला शिकवलंय ते म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, आणि पेशंट वर पाठवायचा, सोबत चिठ्ठीवर वेळ आणि डोस लिहून. तर अ‍ॅप बघून कोणी उपकेंद्रात एकटीने शिरेतून द्यायला जाऊ नका. आपला भिंतीवरचा चार्ट आणि अ‍ॅप दोन्ही शेजारी ठेवून एकदा ताडून बघा, आपल्या मेडिकल ऑफिसरकडून फरक समजून घ्या, आणि ज्युनिअरला आपलंच सांगा. श्वास मिनिटाला १६ च्या खाली नको, गुडघ्यावर ठोकलं की पाय उडायला पाहिजे, लघवी तासाला ३० मिलीच्या वर, हे तीन बघितल्याशिवाय पुढचा डोस नाही, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये. मी एक मार्क कापलाय तो मुख्यतः इथे, प्रत्येक देशाचा प्रोटोकॉल वेगळा असतो हे नव्या पोरीला आपोआप कळत नाही, ती मोबाईलवर दिसलं म्हणजे खरं समजते.

दुसरी कमतरता भाषेचीच. हिंदी ठीक आहे, पण आमच्याकडच्या जुन्या आशाताई, दाया, यांना पुस्तकी हिंदी अर्धीच कळते, घरात अहिराणी नाहीतर पावरी, भिलोरी. मी आशाताईंच्या मीटिंगमध्ये व्हिडिओ आवाज बंद करून लावते आणि शेजारी उभी राहून अहिराणीत बोलते, पावरीतलं आमची एक सिस्टर बोलते, ती तिकडचीच आहे. चित्रं इतकी स्पष्ट आहेत की आवाजाशिवाय पण चालतात, हे मात्र बनवणाऱ्यांचं कौतुक. फक्त एक, आशाताईंना दाखवताना मी धोक्याची लक्षणं आणि कधी निघायचं तेवढंच दाखवते. वार हाताने काढायचा व्हिडिओ नाही दाखवत, ते बघून कोणी घरी करायला गेलं तर बाई मरेल.

आता ज्या अभ्यासाची सगळे जाहिरात करतात त्याबद्दल खरं ते सांगायला पाहिजे. इथिओपियात वेस्ट वोल्लेगाच्या ७३ दवाखान्यांत अ‍ॅपची चाचणी झाली, निम्म्या ठिकाणी मिडवाइफना अ‍ॅप टाकलेले स्मार्टफोन दिले, निम्म्या ठिकाणी नेहमीसारखं काम. २०१६ मध्ये निकाल छापला. अ‍ॅपवाल्या ठिकाणी ब्लीडिंग सांभाळण्याचं आणि बाळाला श्वास देण्याचं ज्ञान आणि कौशल्य स्पष्ट वाढलं, वर्षभरानंतरही टिकलं. पण बाळांचे मृत्यू? अ‍ॅपवाल्या ठिकाणी हजारी १४, बाकी ठिकाणी २३, ऐकायला चांगलं, पण आकडेमोडीत तो फरक पक्का ठरला नाही, योगायोगानेही असू शकतो असाच निकाल आहे. म्हणजे अ‍ॅपने सिस्टरचे हात चांगले होतात हे सिद्ध आहे, एकट्या अ‍ॅपने बाळं वाचतात हे सिद्ध नाही. संस्थेवर माझा विश्वास उलट वाढला, कारण त्यांनी स्वतःच्याच अ‍ॅपची अशी कडक परीक्षा घेतली आणि जे आलं ते छापलं. आपल्याकडे किती ट्रेनिंग होतात, शेवटी कोणी मोजतं का की त्यातून लेबर रूममध्ये काय बदललं? हजेरी मोजतात, चहाची बिलं मोजतात.

आणि हात चांगले झाले तरी पुढे सामान लागतं. ऑक्सिटोसिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, लाइट जाते, फ्रिज बंद, इन्व्हर्टर फक्त ट्यूबलाइटला, आणि मग ते इंजेक्शन दिसायला तसंच असतं पण ताकद गेलेली असते. पिशवी कडक होत नाही आणि सिस्टरला वाटतं आपलंच काही चुकलं. म्हणून अ‍ॅप टाकण्याच्या आधी ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांनी फ्रिजचं थर्मामीटर आणि इन्व्हर्टर बघावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. रक्ताची पण तीच गोष्ट, आमच्याकडून रक्त मिळायचं म्हणजे तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी, घाट उतरून. त्यामुळे आमची सगळी लढाई त्या पहिल्या अर्ध्या तासात असते, बाई गाडीत चढेपर्यंत.

काही जण विचारतात की परदेशी संस्थेचं आपण का घ्यायचं, आफ्रिकेतल्या गरीब दवाखान्यांसाठी केलेलं आपल्याला कशाला. मला हा प्रश्नच पटत नाही. त्या बाईची पिशवी आणि आमच्या बाईची पिशवी सारखीच ढिली पडते. आणि खरं सांगू का, कमी माणसांत, कमी सामानात, रस्ता नसताना कसं काम करायचं हे तिथल्या मिडवाइफकडूनच शिकायला मिळतं, मोठ्या शहराच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलकडून नाही. अदिस अबाबाला हॅमलिन फिस्टुला हॉस्पिटल आहे, डॉ. कॅथरिन हॅमलिन आणि त्यांच्या नवऱ्याने सुरू केलेलं, लांबलेल्या बाळंतपणाने ज्या बायकांची लघवी सारखी गळत राहते त्यांची ऑपरेशनं १९७४ पासून तिथे करतात. पण त्यांच्या लक्षात आलं की नुसती ऑपरेशनं करत राहून प्रश्न संपणार नाही, मूळ तिथे आहे जिथे बाळंतपण अडतं, म्हणून २००७ मध्ये मिडवाइफचं कॉलेज काढलं. मुली खेड्यांतून घ्यायच्या आणि शिकवून त्यांच्याच भागात परत पाठवायच्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पावरा पोरी आठवल्या, तोरणमाळ, मोलगीकडच्या, किती हुशार आहेत, जीएनएम करतात आणि मग पोस्टिंग भलतीकडे. बाई कळांमध्ये ज्या भाषेत ओरडते ती भाषा जिला कळते ती सिस्टर जवळ असली की बाई निम्मी घाबरायची थांबते. हे मी रोज बघते. यावर कोणीतरी वरच्या पातळीवर विचार करायला पाहिजे, खूप मनापासून वाटतं.

सर्टिफिकेटबद्दल दोन शब्द. प्रश्न सोपे नाहीत, चुकलं तर परत वाचायला लावतात, हे चांगलं. पण एकीने सोडवून बाकीच्यांना उत्तरं सांगायची हे प्रकार लगेच सुरू होतात, इन-चार्ज सिस्टरांनी यावर लक्ष ठेवा, आणि सर्टिफिकेट मागण्यापेक्षा ड्रिल घ्या. एकीला पेशंट म्हणून झोपवा, लाल रंगाचं पाणी मोजून चादरीवर ओता आणि विचारा किती गेलं. सगळ्याच कमी सांगतात, अनुभवी पण, डोळ्याने रक्त मोजलं की नेहमी कमीच दिसतं.

अजून एक महत्त्वाचं, चालू केसमध्ये अ‍ॅप उघडून बसू नका. ब्लीडिंग सुरू असताना मोबाईल हातात घेऊन वाचणं म्हणजे एक हात पेशंटवरून काढणं, शिवाय ग्लोव्हज घातलेले, आणि नातेवाईक बघत असतात, त्यांना वाटतं सिस्टर मोबाईल खेळतेय, मग व्हिडिओ काढतात आणि वेगळाच तमाशा होतो. अ‍ॅक्शन कार्डाची पायऱ्यांची माहिती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून लेबर टेबलच्या समोर भिंतीवर लावा, आपल्या प्रोटोकॉलप्रमाणे डोस टाकून, मेडिकल ऑफिसरची सही घेऊन. मोबाईल शिकण्यासाठी, भिंत केससाठी.

टाकायचं असेल त्यांच्यासाठी: प्ले स्टोअरवर सेफ डिलिव्हरी शोधा, मॅटर्निटी फाउंडेशनचंच आहे का ते बघा, भाषा निवडा आणि सगळे व्हिडिओ वायफाय असताना उतरवून घ्या, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की करा, डोंगरावर जाऊन होणार नाही. मोबाईलमध्ये जागा कमी असेल तर आधी ब्लीडिंग, बाळ न रडणं आणि झटके एवढे तीन भाग घ्या, बाकी नंतर. जुन्या अँड्रॉइडवर व्हिडिओ जरा अडकतो पण चालतो. आणि ज्या कोणाच्या तालुक्यात ट्रेनिंगचा डमी कपाटात पडून आहे, पॅकिंग न काढलेला, असे बरेच आहेत मला माहीतेय, त्यांनी तो लेबर रूमच्या टेबलावर आणून ठेवा.